मुळेकाकांचे भीमराव

सावेडीत आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहणारे मुळेकाका दूधवाल्यालासुद्धा इंडोनेशियाची माहिती देतात. दूधवाला पिशवी हातात देतो, "व्हय काका, लई भारी देश हाय," म्हणतो आणि पुढच्या दाराकडे पळतो.

काका तहसील कचेरीतून निवृत्त झाले. बोलता बोलता "पुरावा आहे!" म्हणायची सवय तिथलीच. त्यांची एकुलती एक लेक गौरी नोकरीसाठी जाकार्ताला गेली आणि तिथल्या बिमा नावाच्या मुलाशी तिने लग्न केलं. सोसायटीत आधी वाटलं, मुलगा विमा एजंट आहे. मग कळलं, मुसलमान आहे. काकू नुकत्याच गेलेल्या. त्यात नातेवाइकांनीही येणं-जाणं थांबवलं.

दुसरा कुणी खचला असता. काकांनी चष्मा पुसला आणि मोबाईलवर अभ्यास सुरू केला. एका सकाळी ते आमच्या दारात हजर.

"बिमा म्हणजे आपला भीम हो! देश मुसलमानांचा, पण राजमुद्रेवर गरुड. भर चौकात कृष्णार्जुनाचा रथ. चामड्याच्या बाहुल्या नाचवून महाभारत दाखवतात आणि मुसलमानच ते हौसेने बघतात. पुरावा आहे!"

त्या महाभारतात द्रौपदीला एकच नवरा असतो, हे कळल्यावर मात्र ते फार दुखावले. पुढे काही दिवसांनी स्वतःच म्हणाले, "तसं सुटसुटीत आहे म्हणा."

जावयाचं नाव आता 'भीमराव' झालं. मेहुण्याला फोन करून ते ऐकवत, "माणसं आपलीच आहेत रे, फक्त जरा लांब राहतात." मेहुणा फोन ठेवून देई. काका पुन्हा लावत.

गेल्या महिन्यात गौरी आणि बिमा आले. काकांनी पुरणपोळ्या सांगितल्या, सगळ्यांना बोलावणं केलं. जेवायची वेळ झाली तरी आलो होतो फक्त मी आणि माझी बायको.

काकांनी आमच्यादेखत जावयाला विचारलं, "भीमराव, खरं सांगा, मनातून तुम्ही हिंदूच ना?"

गौरीने ओशाळून ते त्याला त्याच्या भाषेत सांगितलं. बिमा हसला, हळूहळू काहीतरी बोलला.

"तो म्हणतोय," गौरी म्हणाली, "भीम आमच्या घरात सगळ्यांचा लाडका. आजोबांनी हौसेने नाव ठेवलं. पण मी मुसलमान आहे, बाबा. नमाजाची वेळ झालीये, पश्चिम कुठल्या बाजूला?"

मला वाटलं, संपलं आता सगळं.

काका उठले. काकूंच्या कपाटातून कोरी सोलापुरी चादर काढली, पश्चिमेच्या भिंतीकडे स्वतःच्या हाताने अंथरली, तळव्याने सुरकुत्या सारख्या केल्या. टीव्ही बंद केला. मग आम्हाला बाहेर आणून दार ओढून घेतलं आणि जिन्याजवळ खुर्ची टाकून बसले.

तेवढ्यात मेहुणा वर आला. "दाजी, बाहेर का बसलात?"

"हळू बोल. जावई नमाज पढतायत."

मेहुणा तसाच उभा राहिला. काकांनी आपली खुर्ची त्याच्याकडे सरकवली आणि स्वतः पायरीवर बसले.

"बस," ते म्हणाले. "सगळे बरोबरच जेवू."