उखर्डूनानांनी न पोचवलेलं पत्र

"बेवारस सामानापुढं भलेभले हात टेकतात. मी नाही," उखर्डूनाना आपल्या जुन्या मित्राला, अमृतआबांना सांगत होते. "पिशवी दाखवा, धन्याचा स्वभाव सांगतो. भुसावळ स्टेशनात एकतीस वर्षं हेच केलं. पोलिसांनी मला कधी बोलावलं नाही, तो त्यांचा तोटा."

"एकतीस वर्षांत धनी किती सापडले?" आबांनी विचारलं.

"धनी एकही नाही. पण स्वभाव सगळ्यांचे कळले."

जळगावच्या घराच्या ओट्यावर अशी रविवारची सकाळ चालली होती. ठाण्याहून दोन दिवसांसाठी आलेली आबांची मुलगी सारिका शेंगा सोलत होती. बोलणं शेवटी बिल्डरवर आलं. हे बैठं घर पाडून चार मजले व्हायचे होते. करार झाला, पुढं वीटही हलली नाही आणि सगळं मोडलं. "बन्सीलालनं दगा दिला," आबा म्हणाले आणि टरफलं गोळा करायला लागले.

दुसऱ्या दिवशी ते झोपेतून उठलेच नाहीत.

तेरावं झाल्यावर सारिकानं ठरवलं, दावा लावायचा. शेवटची दोन वर्षं आबांच्या जिवाला घोर लावणारा माणूस असा सुटता कामा नये. तिला एवढंच हवं होतं: त्यांना कुणी फसवलं, ते कागदावर दिसावं.

वकील कुंदाबाई म्हणाल्या, "पण कागद कुठं आहेत? आबांच्या कपाटात नुसतं फाइलचं कव्हर आहे. दाव्याआधी बिल्डरकडं करार आणि पत्रव्यवहाराच्या प्रती मागू. नाही दिल्या, तर कोर्टाचा मार्ग आहेच." त्यांनी तसं पत्र करून दिलं. ते पोचवण्याचं काम नानांनी मागून घेतलं. न मागता तपासही घेतला.

नानांनी रिकामं कव्हर भिंगाखाली धरलं. "चहाचा डाग. म्हणजे कागद चोरणारा चहा पितो."

"मग जळगावात संशयित बरेच निघतील," सारिका म्हणाली.

"हळूहळू कमी करू."

आधी नाना काळा चष्मा लावून, रावेरचे केळीवाले व्यापारी म्हणून बन्सीलालशेठच्या ऑफिसात फ्लॅट बघायला गेले. तिथला क्लार्क राजदीप उठून उभा राहिला. "या नाना. आबांचं कळलं, वाईट झालं. चहा सांगू?" नाना चहा पिऊन आले आणि क्लार्क अतिशय धूर्त असल्याचं त्यांनी वहीत नोंदवलं.

मग संशय शेठच्या धुळ्याच्या भागीदारावर गेला. नानांनी धुळ्यात एका माणसाचा दीड तास पाठलाग केला. तो एका मळ्यात भरीत पार्टीला गेला. नानांनी पंगतीत बसून पाळत ठेवली, भरीत दोनदा घेतलं. माणूस दातांचा डॉक्टर निघाला. आलोच आहोत तर म्हणून नानांनी त्याला दाढ दाखवली.

तीन आठवडे गेले. स्वयंपाकाच्या सुमनबाई भाकरी थापता थापता सगळं ऐकत होत्या. न राहवून म्हणाल्या, "कागद त्यासनाजोडे शेतस ना? मंग मांगी ल्या."

"मागितलेत की त्यांच्याकडं. नाना, वकीलबाईंच्या पत्राला उत्तर काय आलं?" सारिकानं विचारलं.

नानांनी कोटाच्या आतल्या खिशातून पाकीट काढलं. चिकटवलेलं, तसंच. "बेटा, शत्रूला आधीच सावध करायचं नसतं."

दुपारी दोघं ते पत्र घेऊन ऑफिसात गेली. राजदीपनं वाचलं, आत जाऊन शेठना विचारलं आणि सात मिनिटांत झेरॉक्स आणून दिले. "आजवर कुणी मागितलेच नाहीत," तो म्हणाला.

करार होता. त्यामागं चार पत्रं होती, आबांच्या अक्षरात. पहिल्या तिन्हींत जवळपास एकच मजकूर: घराच्या उताऱ्यावर वारलेल्या आईच्या जागी मुलीचं नाव लागलं आहे, तिची संमती यायची आहे, मुदत वाढवून मिळावी. तिला ऑफिसातून फोन करू नये. चौथं पत्र लहान होतं. 'मुलगी नाही म्हणत नाही, पण तिच्या मनात नसावं असं वाटतं. करार रद्द करावा. कारण तिला कळवू नये, मी माझं सांगेन.'

संमतिपत्र कुरियरनं ठाण्याला आलं होतं. सारिकानं ते सही न करताच ड्रॉवरमध्ये ठेवलं होतं. आबा दर फोनवर म्हणायचे, "सवडीनं कर, बन्सीलालच टाळतोय."

नानांनी खिशातलं भिंग काढलं. "अक्षर बनावट असू शकतं," ते म्हणाले. मग पुन्हा पत्राकडं बघितलं आणि भिंग ठेवून दिलं. "नाही. अमृतचंच आहे."

राजदीपनं रजिस्टर पुढं केलं. "मॅडम, कागद मिळाल्याची सही."

सारिकानं सही केली. एक मिनिटही लागलं नाही. पेन परत देताना ती नानांकडं बघत नव्हती, राजदीपकडंही नाही.

"आबा," ती म्हणाली, "आईचं घर मला पाडायचं नव्हतं."