चेलो वाटेत आहे

"वाद्याला बोट न लावता मी साडेचार हजार वाद्यं विकलीत," असं गृहस्थ जेवताना सांगत. यात खोटं काही नव्हतं. वाद्यं विकणाऱ्या एका ऑनलाइन बाजारात त्यांचं दुकान होतं आणि नावापुढे 'तज्ज्ञ विक्रेता' असा सोनेरी शिक्का. गिऱ्हाइकाची ऑर्डर आली की ती दुसऱ्या, जरा स्वस्त दुकानाकडे सरकवायची. माल तिथून परस्पर जायचा. त्यांच्या घरात वाजणारी वस्तू एकच होती, दाराची बेल.

मुलीची चेलोची परीक्षा शनिवारी होती. ती शिकायची शिकवणाऱ्या बाईंच्याच चेलोवर.

"माझी मुलगी उसन्या वाद्यावर परीक्षा देणार? लोक शेण घालतील तोंडात." त्यांनी बाईंचा चेलो परत केला आणि आठवडाभर आधी आपल्याच दुकानातून नवा मागवला.

"बाबा, पण येईल ना वेळेवर?"

"अगं, दुकान कोणाचं आहे?"

गुरुवारी चेलो 'वाटेत' होता. शुक्रवारीही वाटेतच.

"अहो, पण कुठल्या वाटेत?" बायकोने विचारलं, तेव्हा त्यांनी पुरवठादाराला फोन लावला.

"माझ्याकडे कुठला आलाय चेलो," पुरवठादार म्हणाला. "मी ऑर्डर पुढे दिली. दुकान चांगलंय, चार पॉइंट आठ तारे."

ते दुकान एका दंतवैद्याचं निघालं. दोन दाढांच्या मधे तो वाद्यं विकायचा.

"निर्धास्त राहा," तो म्हणाला. "एकदम खात्रीच्या माणसाकडे सरकवलीय. सोनेरी शिक्केवाला आहे. नंबर देतो, त्याच्याशीच बोला."

गृहस्थांनी नंबर लावला. एंगेज. पुन्हा लावला, पुन्हा एंगेज. पाचव्या वेळी बायकोने नंबर लिहिलेला कागद ओढून घेतला.

"अहो, हा तुमचाच नंबर आहे."

ऑर्डर आपोआप स्वीकारून पुढे सरकवण्याची सोय तिघांनीही करून ठेवली होती. त्यामुळे ती आठवडाभरात तिघांमधून सतरा फेऱ्या मारून आली होती, आणि दर फेरीला बाजाराने 'अभिनंदन, नवी विक्री' असं कळवलं होतं. बाईंचा चेलो एव्हाना दुसऱ्या विद्यार्थ्याकडे गेला होता.

शनिवारी मुलगी रिकाम्या हाताने गेली आणि तशीच परत आली. परीक्षकांनी फॉर्मवर नोंद केली होती: 'विद्यार्थिनी हजर, वाद्य गैरहजर.' पुढची परीक्षा वर्षाने.

"चेलो कुठाय असं विचारलं त्यांनी," ती बूट काढत म्हणाली. "मी सांगितलं, वाटेत."

दुपारी बाजाराचा निरोप आला. सात दिवस उलटल्यामुळे माल पोचला असं गृहीत धरण्यात येत होतं. खरेदीदाराने तासाभरात अभिप्राय न दिल्यास विक्रेत्याचा शिक्का काढण्यात येणार होता.

गृहस्थांनी मुलीच्या खोलीकडे पाहिलं. दार बंद होतं. मग त्यांनी पाच तारे दिले आणि लिहिलं, 'मुलीच्या परीक्षेसाठी घेतला. आवाज मखमली. अजून कानातून जात नाही.'

संध्याकाळपर्यंत तुमच्या-आमच्यासारख्या, चार अभिप्राय वाचल्याशिवाय काहीही न घेणाऱ्या एकतीस चोखंदळ माणसांना तो 'उपयुक्त' वाटला. बत्तिसावं होतं परीक्षा मंडळ. वाद्य गैरहजर असलेल्या विद्यार्थ्यांची सोय म्हणून त्यांनी सात चेलो मागवले, तातडीने.

ऑर्डर आपोआप पुढे सरकली.