डावा हात सोडून

महागावच्या दवाखान्यात भूलतज्ज्ञ डॉक्टर अनघाला पेशंटपेक्षा त्याचा साळा भारी पडला. पेशंट रामधन अपेंडिक्सनं कळवळत होता आणि साळा देवसिंग, एके काळचा पहिलवान, थिएटरच्या दारात आडवा उभा होता.

"मॅडम, माह्या हर्नियाच्या ऑपरेशनानंतर चार दिवस अंग ठणकत होतं. बेहोश करून बडवलं मले तिथं!"

"कोणी बडवत नाही हो. घशात झटकन नळी घालता यावी म्हणून स्नायू ढिले करायचं इंजेक्शन देतो. ढिले व्हायच्या आधी ते थडथड उडतात, आणि दुसऱ्या दिवशी खूप बैठका मारल्यासारखं अंग दुखतं."

"मंग भाऊजीले काहून देता?"

"द्यावंच लागतं. पण आधी दुसऱ्या औषधाचा छोटा डोस देईन, म्हणजे स्नायू फारसे उडणार नाहीत."

छोटा डोस गेला, तशा रामधनच्या पापण्या जडावल्या. "मॅडम, तुमी दोन दोन दिसून राह्यल्या," एवढं बोलून पुढच्या इंजेक्शननं तो झोपला. मग स्नायू ढिले करायचं मुख्य औषध गेलं. अनघा टक लावून पाहत होती. अंगावर एकही लहर उठली नाही. ऑपरेशन बिनबोभाट पार पडलं आणि अनघा खुशीत घरी गेली.

सकाळी रामधन कण्हत होता. "टाक्याचं ठीक हाय मॅडम, पण अंगावरून ट्रॅक्टर गेल्यावानी वाटून राह्यलं!"

देवसिंगनं अनघाकडे नुसतं पाहिलं. तेच तिला जास्त लागलं. बाहेर येऊन तिनं यवतमाळला, तिला भूल द्यायला शिकवणाऱ्या नंदकिशोर सरांना फोन लावला.

"आधीचा छोटा डोस कमी पडला असेल," सर म्हणाले. "नक्की कुठं दुखतंय, ते विचार आधी."

ती परत आत गेली.

"पोटऱ्या, मांड्या, मान, खांदे," रामधननं सांगितलं. "डावा हात तेवढा बरा हाय."

अनघा चमकली. औषध रक्तातून अंगभर जातं. ते एकटा डावा हात कसा सोडेल?

"तिथं सलाईन होतं ना," देवसिंग म्हणाला. "म्हून त्याले नाही चोळलं."

"चोळलं?"

"तुमीच म्हणल्या, दुखते म्हून. मंग रातीच, दुखायच्या आधी रगडून देलं. आखाड्यात देतो तसं!"

"अन् म्या गुंगीत 'सोड, सोड' म्हणत होतो तं?" रामधन ओरडला.

"मले वाटलं, दुखून राह्यलं. म्हून अजून जोरात दाबलं."

अनघाचा जीव भांड्यात पडला. देवसिंगला पेशंटपासून चार हात लांब बसवून तिनं सरांना पुन्हा फोन केला आणि सगळं सांगितलं.

"अनघा," सर हळूच म्हणाले, "त्याला यवतमाळला यायला जमेल का गं? माझी कंबर धरलीय केव्हाची."