पाहुण्यांपुरतं पाणी

नळाच्या तोंडात कोळ्याने जाळं विणलं होतं. ओर्तेन्सियाने त्याचे आडवे धागे मोजले होते : एकोणीस. रोज सकाळी लिमाच्या धुक्याचे थेंब त्यावर जमत. नळाने दोन वर्षांत दिलं नव्हतं तेवढं पाणी ते जाळं एका सकाळी देई.

घरोघरी पाणी पोचवू, असा शब्द सरकारने जगाच्या सभेत दिला होता. सरकारी कागदात तर ते या टेकडीवर पोचलंही होतं! म्हणून वस्त्यावस्त्यांच्या महिला मंडळांनी आपला वेगळा अहवाल लिहायला घेतला. आज सभेचा निरीक्षक खात्री करायला येणार होता. त्याने ‘पाणी आहे’ लिहिलं, की टेकडी कोरड्या वस्त्यांच्या यादीतून बाद!

ओर्तेन्सिया इथल्या मंडळाची अध्यक्ष. गुरुवारी सभेत मंत्र्यांसमोर टेकडीतर्फे कोण बोलणार, हे सात महिने तिच्यापाशी अडलं होतं. चाळीस माणसांचं जेवण हसत रांधणारी ही बाई माईक दिसला की खांबासारखी उभी राही. कुणी विचारलं, की म्हणे, “बघू.”

“भाषण कशाला? नळ दाखवला की झालं,” आज तिने जाहीर केलं. “जाळ्याला कुणी हात लावायचा नाही. तो पुरावा आहे!” आणि ती बटाटे आणायला खाली बाजारात गेली.

तिथेच चुकलं. टेकडीवर नवी चूल मांडा, पायऱ्या बांधा, काहीही करा. ते बघायला जो पाहुणा येतो, तो त्याचा धर्मपिता. त्याच्या हातून वाइनची बाटली फोडल्याशिवाय काम पुरं होत नाही.

ती परतली तेव्हा नळ निळा रंगवलेला होता. त्याला रिबीन होती, रिबिनीला बाटली.

“नेली! जाळं कुठंय?”

“झाडलं!” शेजारची नेली अभिमानाने म्हणाली. “पाहुण्यासमोर कोळिष्टकं? शोभतं का मावशी?”

“अगं, तो कोरडा नळ बघायला येतोय!”

“म्हणून हात न धुता जेवायला बसवायचं? उबाल्दोकाकांनी भिंतीमागे पिंप ठेवून नळी जोडलीय. सोड तर नळ!”

नळी काढायला ओर्तेन्सिया धावली, पण तीनशे पायऱ्या चढून धापा टाकत निरीक्षक समोरच उभा! उबाल्दोने त्याच्या हातात हातोडी कोंबली. “साहेब, तुम्ही आमच्या नळाचे धर्मपिता!”

बाटली फुटली. नळ सोडला. धार आली! सगळी टेकडी टाळ्या वाजवू लागली. ओर्तेन्सियासुद्धा. इतक्या दिवसांनी ती धार दिसली, आणि टाळ्या आपोआप वाजल्या.

“वा! पाणी आहे की,” म्हणत निरीक्षकाने पेन काढलं.

“आधी हात धुवा!” नेलीने साबण पुढे केला.

त्याने कोपरापर्यंत फेस केला. नळ तीनदा खोकला आणि गप्प झाला.

“दुपारी जरा दमतो तो,” नेली घाईने म्हणाली.

तेवढ्यात भिंतीमागून उबाल्दो ओरडला, “नेली, बादली आण! पिंप संपलं!”

ऑपरेशनला निघालेल्या डॉक्टरसारखे हात वर धरून निरीक्षक उभा राहिला. “म्हणजे नळाला पाणी नाही?”

“आहे हो! पाहुण्यांपुरतं आहे,” नेली कशीबशी म्हणाली.

“मग मी लिहू काय?”

ओर्तेन्सिया घरात गेली. पिण्यासाठी ठेवलेला तांब्या तिने आणला आणि त्याच्या हातांवर हळूहळू ओतला. फेस पूर्ण जाईपर्यंत.

“नाही लिहा,” ती म्हणाली. “दोन वर्षं नाही. हे पाणी तुमच्यासाठी खालून पाठीवर वाहून आणलंय.”

“लिहितो, बाई.” त्याचा आवाज खाली आला. “पण सभेत माझा कागद ढिगाऱ्यात जाईल. हे सांगायला कुणी माणूस येणार आहे का?”

नेलीने तोंड उघडलं. आता तिच्याही तोंडून ‘बघू’ निघणार, हे ओर्तेन्सियाला दिसलं.

“गुरुवारी मी येते,” ती म्हणाली. “मी बोलणार.”