फ्लेक्सवरची शेवटची ओळ

आमच्या राहुरीत चौकातला फ्लेक्स रोज मनापासून वाचणारा एकच माणूस आहे. बबनतात्या. बाकीचे त्यावर फक्त स्वतःचा फोटो शोधतात.

तात्या सकाळी ओट्यावर उभे राहतात, डावा डोळा तळहातानं झाकून फ्लेक्स वाचतात. मग उजवा झाकून पुन्हा वाचतात. फ्लेक्सवर तालुक्याचे लाडके नेते हात जोडून उभे आहेत. वर त्यांचं नाव हत्तीएवढं, त्याखाली 'कार्यसम्राट' म्हशीएवढं, मग शुभेच्छुक आपापल्या ऐपतीप्रमाणे लहान होत जातात, ते शेवटच्या ओळीत मोहरीएवढे. नेत्यांच्या हातून घडलेलं एवढं एकच लोकोपयोगी काम मला माहीत आहे. त्यांनी गावाला डोळे तपासायचा तक्ता दिला.

"शेवटची ओळ दिसली, सर! दिवस आपला!" तात्या मला ओरडून सांगतात.

याला कारण मीच. तात्या माझे शेजारी. वय चौसष्ट, शेती मुलाकडे सोपवून निवांत. एका दुपारी ते बारीक घड्यांचा एक कागद घेऊन आले.

"इंग्रजी हाय, सर. वाचा. पर हळू."

डॉक्टरांनी लिहून दिलेल्या एका गोळीचा कागद होता. गोळी कशासाठी, ते तात्यांनी सांगितलं नाही. त्यांच्या लाल झालेल्या कानांनी सांगितलं. मी वाचत गेलो. डोकं दुखेल, नाक चोंदेल, आणि क्वचित, फार क्वचित, एका डोळ्याची नजर अचानक जाऊ शकते.

"कंच्या?"

"ते लिहिलेलं नाही."

"आन् म्या तर काल घेतलीया!" तात्या मटकन खाली बसले. "पंचाईत हाय, सर. आमच्या घरात दोघांत मिळून दोनच डोळे हायत."

ते खरं होतं. हौसाकाकींची नजर साखरेच्या आजारानं सहा वर्षांपूर्वी गेली. हातांच्या सवयीनं त्या अजून भाकरी थापतात, पण बाकीचं जग त्यांना तात्या सांगतात. दारात कोण आलं, कोण वाळलं, कोणाची सून कसली साडी नेसली. गोळी काही सुटली नाही, पण दुसऱ्या दिवसापासून तक्ता सुरू झाला.

गेल्या महिन्यात एका सकाळी आरोळी आली. "गेला! सर, उजवा गेला!"

मी धावलो. तात्यांनी डावा झाकून पाहिलं होतं, तर शेवटची ओळ गायब. दुसरा डोळा तपासायची हिंमत झाली नाही, म्हणून तात्या दोन्ही गच्च मिटून बसले होते.

"अवो, एक तरी उघडून बघा की!" काकी त्यांचा हात धरून म्हणत होत्या.

"नको. हाय तेवढी नजर खर्च करायची न्हाई."

असं काही झालं तर गोळी बंद करून ताबडतोब डॉक्टर गाठा, असंही कागदावर होतं. मी दोघांना गाडीत घातलं आणि नगरची वाट धरली. तात्यांनी सबंध रस्ता डोळे उघडले नाहीत. शेवटी काकीच सांगू लागल्या, "आता उसाची ट्रॉली गेली बगा. आता कुणीतरी भजी तळतंय."

"तुला गं कसं कळतंय?"

"सा वर्सं झाली की शिकून."

डोळ्यांच्या डॉक्टरांनी विचारलं, "काही औषध घेता?" तात्यांना खोकला आला.

"घेत्यात की," काकी मोकळेपणी म्हणाल्या. "ती गोळी. मी नको म्हनत हुते." बाहेर बसलेल्या सगळ्या माणसांनी एकदम माना वळवल्या.

तासभर तपासणी झाली. दोन्ही डोळे ठणठणीत. "पण आलात ते उत्तम केलंत," डॉक्टर म्हणाले. "पुन्हा वाटलं तर असेच लगेच या. आणि मला विचारल्याशिवाय गोळी नाही."

परत येताना मी गाडी फ्लेक्सखाली थांबवली. शेवटच्या ओळीतले पाचही शुभेच्छुक आदल्या संध्याकाळी विरोधी गटात गेले होते. नेत्यांच्या माणसांनी त्यांच्या नावांवर पांढरी पट्टी चिकटवली होती. मीही सकाळी वर पाहिलं नव्हतं. फ्लेक्स कोण पाहतो?

काकी घरात गेल्यावर मी तात्यांना झापलं. "या वयात हा उपद्व्याप कशाला?"

तात्या चपलेनं माती उकरू लागले. "हिला सा वर्सं मी दिसलो न्हाई, सर. हिच्या मनात मी अजून काळ्या मिशांचाच हाय. त्येला जागावं म्हनलं."

दुसऱ्या दिवशी सकाळी तात्या पुन्हा ओट्यावर. शेजारी काकी.

"शेवटच्या ओळीत आज कोन हाय?" काकींनी विचारलं.

तात्यांनी डावा झाकला, पांढऱ्या पट्टीकडे पाहिलं. "सौ. हौसाबाई बबनराव. अक्षर बारीक हाय, पर हाय."

"खोटं! सर, हाय का वो खरंच?"

फ्लेक्सवरच्या एकाही शब्दावर मी आजवर विश्वास ठेवलेला नाही.

"आहे काकी," मी म्हणालो. "स्पष्ट दिसतंय."