पडूआत्यांचा चेहरा

पडद्यावर जी माणसं गच्चीवरून खाली कोसळतात, त्यांच्या वतीनं कुणाला तरी खरोखर कोसळावं लागतं, ही बाब उत्कृष्ट साहसपटांना दर वर्षी पुरस्कार देणाऱ्या समितीच्या एके वर्षी निदर्शनास आली. तोवर ती समितीपुढे रीतसर आलीच नव्हती. बैठका झाल्या, उपसमिती नेमली गेली, आणि ‘अज्ञात साहस सन्मान’ हा नवा पुरस्कार एकमतानं मंजूर झाला. पहिला मान पडूआत्यांना मिळाला.

पडूआत्यांचं हे नाव चित्रपटाच्या धंद्यातलं. उभा जन्म त्या नायिकांची डबल म्हणून पडल्या होत्या. घोड्यावरून, पुलावरून, मालगाडीच्या टपावरून, एकदा तर पेटत्या झुंबरावरून. त्या काळी खाली हवा भरलेल्या गाद्या नसत. पुठ्ठ्याची रिकामी खोकी रचायची, वर गवत पसरायचं, त्यावर चादर घालायची आणि देवाचं नाव घ्यायचं. एखादं खोकं चुकून भरलेलं राहिलं असेल, तर ते पडल्यावरच कळे. आत्यांचा डावा खांदा अशाच एका भरल्या खोक्यापासून जरा खाली उतरलेला होता. पण माणसं मायेची होती. पडून उठलं की नायिका स्वतः धावत यायची, अंगावरचं गवत झटकायची आणि आपल्या कपातला अर्धा चहा द्यायची.

आत्यांना पुरस्काराची फारशी मातब्बरी नव्हती. त्यांची ओढ होती ती थोरल्या जाऊबाईंसाठी. दोघींचे नवरे गेले, मुलं पांगली, आणि दोघी एका छपराखाली राहिल्या. साऱ्या आयुष्यात चित्रपटगृहाच्या अंधारात आत्या कुजबुजायच्या, “ताई, ही मी.” तेवढ्यात नायिकेचा चेहरा पडद्याएवढा मोठा होऊन समोर यायचा आणि जाऊबाई म्हणायच्या, “गप बस गं, लोक हसतील.” आता जाऊबाईंच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता. पार अंधारून यायच्या आत त्यांनी एकदा तरी आपल्या धाकट्या जावेचं तोंड पडद्यावर बघावं, एवढीच आत्यांची इच्छा होती. सोहळा टीव्हीवर थेट दिसणार होता.

आठवड्याभरात समितीचे सचिव घरी आले. खुर्चीच्या कडेवर टेकत त्यांनी अभिनंदन केलं आणि मग अडचण सांगितली. मंचाला चार पायऱ्या होत्या आणि कठडा नव्हता. कठडा लावला की कॅमेऱ्याला आडवा येतो.

“मी पाण्याच्या टाकीवरून पडलेय,” आत्या म्हणाल्या.

“हो, पण तेव्हा विमा नव्हता,” सचिव म्हणाले.

सत्तरी ओलांडलेल्या पुरस्कारविजेत्याला पायऱ्या चढू देणं विम्याच्या नियमात बसत नव्हतं. तेव्हा आत्यांच्या वतीनं पुरस्कार घ्यायला त्या वर्षीची सर्वांत लोकप्रिय नायिका आत्यांच्याच वेशात येईल, असं ठरलं होतं. साहसाला एक चेहरा लागतो, असं अध्यक्षांचं म्हणणं पडलं. आत्यांनी विचारलं, की मग माझा चेहरा कशाला लागतो? या मुद्द्याची नोंद घेऊन सचिव उठले.

नायिका मोठी गुणी मुलगी. दोन दिवस ती आत्यांच्या घरी येऊन बसली, त्यांची चाल पाहिली, खांदा पाडायला शिकली, गळ्यात पडून रडली. तिच्यासाठी पांढऱ्या केसांचा टोप झाला, सुरकुत्या काढणारा रंगभूषाकार आला. सगळं यथासांग झाल्यावर तालमीला तिनं पायऱ्या पाहिल्या आणि ती जागच्या जागी थांबली. पुढच्या चित्रपटात तिला नाचायचं होतं. पाऊल मुरगळेल असं काही करायचं नाही, असं तिच्याकडून निर्मात्यांनी लिहून घेतलं होतं.

म्हणजे पायऱ्यांपुरती डबल हवी होती. म्हातारीसारखी चालणारी, डावा खांदा उतरलेली, पडलीच तर सफाईनं पडणारी. समितीनं गावभर शोध घेतला. काखेत कळसा असल्याचं शेवटी सचिवांच्याच ध्यानात आलं. आत्यांनी विम्याची आठवण करून दिली.

“विमा पुरस्कार घेणाऱ्यांचा असतो, आत्या. डबल आमच्या कक्षेत येत नाहीत.”

अशा रीतीनं, पडूआत्यांच्या वेशातल्या नायिकेच्या वेशात पडूआत्यांना उभं करण्यात आलं. दोघी सारख्याच दिसाव्यात म्हणून आत्यांच्या पांढऱ्या केसांवर पांढऱ्या केसांचा टोप बसवला. पुरस्कार घ्यायचा, पाठमोरं राहायचं, पडद्याआड जायचं. पुढचं भाषण नायिका करणार होती.

आत्या चढल्या. टाळ्यांचा कडकडाट झाला. पुरस्कार हातात पडला, आणि आयुष्यात पहिल्यांदा आत्यांनी मिळालेली सूचना मोडली. त्या वळल्या. थेट कॅमेऱ्यात, ताईंच्या डोळ्यांत बघावं तसं बघत राहिल्या. कॅमेरावाला गडबडला, पण त्यानं कॅमेरा हलवला नाही. सारं सभागृह उठून उभं राहिलं.

घरी येताच आत्यांनी चपला काढायच्या आधी विचारलं, “बघितलंत ना, ताई?”

“बघितलं तर!” जाऊबाई टीव्हीला अगदी खेटून बसल्या होत्या. “अगं, हुबेहूब तू. ती सुरकुती न् सुरकुती! एवढी कोवळी पोर, पण तिची पार म्हातारी करून टाकली. धन्य त्या मेकअपवाल्याची. तू कुठं होतीस?”

आत्यांनी चहा टाकला.

दुसऱ्या दिवशी तज्ज्ञांनीही हेच लिहिलं. नायिकेच्या त्या एका नजरेत आयुष्यभराचं दुःख कसं दिसलं, यावर लेख आले. प्रेक्षकांच्या मतांवरून वर्षातला सर्वोत्तम साहसी प्रसंग निवडायला घेतला, तेव्हा नायिकेनं कठड्याविना चढलेल्या पायऱ्या मोठ्या फरकानं पहिल्या आल्या. जाऊबाईंनी मत दिलं. त्यांच्या आग्रहाखातर आत्यांनीही दिलं. रंगभूषाकाराचा वेगळा सत्कार झाला.

राहता राहिलं तुमचं मत. ते कुणाला गेलं, हे मी विचारत नाही. त्या प्रसंगी तुमचेही डोळे पाणावले होते, एवढं तुम्हीच मला सांगितलं होतंत.