कापितान नोपाल यांची प्रतिष्ठा

माझी भाची सित्लाली सहा वर्षांची झाली आणि तिला वाढदिवसाला कापितान नोपालची पिन्याता हवी होती. यात गैर काहीच नव्हतं. आमच्या इस्तापालापा वस्तीत पोराचा जीव ज्याच्यावर जडतो, त्याचाच कागदी पुतळा अंगणात टांगतात, पोराच्या डोळ्यांना पट्टी बांधतात आणि काठीने तो फोडायला लावतात. आतल्या चिंचेच्या गोळ्या आणि शेंगदाणे सगळ्यांनी लुटायचे. प्रेमाची ही रीत आम्हाला कधी विचित्र वाटली नाही.

कापितान नोपाल हा सिनेमातला मिशीवाला निवडुंग. गावाच्या विहिरीला कुंपण घालणाऱ्या जमीनदाराला तो पळवून लावतो आणि विचारतो, "जे सगळ्यांचं, त्याला कुलूप कसलं?" कोपऱ्यावर पिन्याता बनवणाऱ्या एदुविहेसबाई, आमच्या बोलीत दोन्या एदुविहेस, यांनी रद्दी, खळ आणि हिरव्या झिरमिळ्यांतून तो असा हुबेहूब उभा केला की माझ्या बहिणीने, रेनाताने, फोटो काढून सगळ्या गोतावळ्याला पाठवला. तिथेच घात झाला.

ऐन समारंभात लिसेन्सियादो उरुतिया आले. टाय लावलेल्या कोणालाही आम्ही लिसेन्सियादो म्हणतो आणि आधी जेवायला वाढतो. त्यांनी कोंबडीचं मोले दोनदा मागून घेतलं, तोंड पुसलं आणि मग जाहीर केलं की आपण सिनेमा कंपनीच्या सामाजिक उत्तरदायित्व व नवोपक्रम विभागातून आलो आहोत.

"सदर पात्र कंपनीची बौद्धिक संपदा आहे," ते म्हणाले. "शिवाय तुम्ही त्याला मारणार आहात."

"मारणार नाही हो, फोडणार," रेनाता म्हणाली. "प्रेमाने."

"बाई, पोलीस चौकीत सगळे हेच सांगतात."

दोन्या एदुविहेस कात्री घेऊन उठल्या आणि त्यांनी कचकन मिशी कापली. "घ्या. आता हा नुसता निवडुंग. आमच्या परसात उगवतो तसला. त्यालाही टाळं लावताय काय?"

उरुतियांनी चष्मा लावून पुतळा निरखला. "चेहऱ्यावर निर्भय भाव शिल्लक आहे. तो नोंदणीकृत आहे."

"मग तुमचंच थोबाड काढते त्यावर. ते तरी तुमचं आहे ना?"

"नोकरीत असेपर्यंत नाही," ते खिन्नपणे म्हणाले.

"मामा, मी कधी मारू?" सित्लालीने विचारलं. सकाळपासून तिने हातातली काठी खाली ठेवली नव्हती. मला त्या माणसाचा मनापासून राग आला. पण टाय दिसला की राग गिळायचा, हे आमच्या घरात लहानपणापासून शिकवतात.

"कंपनी काही निष्ठुर नाही," उरुतिया म्हणाले आणि त्यांनी गाडीतून अधिकृत 'जबाबदार नोपाल' आणला. तो प्लास्टिकचा होता. तो फुटत नसे, त्यामुळे कचरा होत नसे. आत खाऊ नव्हता, त्यामुळे दात किडत नसत. फोडल्याच्या आनंदाला मूल मुकू नये म्हणून फुटल्याचा आवाज करणारं एक बटण उरुतियांच्या हातात होतं. आमचा कागदी नोपाल त्यांनी गाडीच्या मागच्या सीटवर बसवला आणि त्याला पट्टाही लावला. त्या बाबतीत माणूस काळजीवाहू होता.

आता एकच अडचण उरली. अधिकृत पात्राला चारचौघांत काठी बसली तर त्याची प्रतिष्ठा कमी होते. उरुतियांनी बराच विचार केला आणि तोडगा काढला. मारणाऱ्याचे डोळे रीतीप्रमाणे बांधलेलेच असतात. उपस्थित सर्वांचेही बांधले, तर काही घडल्याचं कोणी पाहिलंच नाही, असं होईल. लगेच रुमाल, टॉवेल, रेनाताचा एप्रन जमा झाला. मी गच्चीवर पिन्याता वरखाली करणारा दोर ओढायला उभा होतो, तर मलाही पट्टी आली.

"लिसेन्सियादो, मी पडेन की वरून!"

"पडण्यावर कंपनीचा हक्क नाही. बिनधास्त पडा."

मग कडाडकन आवाज झाला. आम्ही जीव तोडून ओरडलो. मी एका हाताने दोर धरून मांडीवर थापा मारत होतो. "फोडलंस गं बाई माझी!" म्हणून रेनाता हुंदके देत होती. दोन्या एदुविहेससुद्धा गुडघ्यांवर बसून चिंचेच्या गोळ्या ओटीत भरतेय असं ओरडून सांगत होत्या.

"थांबा ना," सित्लालीचा रडवेला आवाज आला. "मी अजून मारलंच नाही."

मग कुठून तरी एक टाळी वाजली, पाठोपाठ दुसरी, आणि आम्ही सगळे आधीपेक्षा जोरात टाळ्या पिटू लागलो. पोर घरात रडत होतं की अंगणात, तेही ऐकू येईना.

पट्टीची गाठ तशी सैलच होती. तुम्ही तिथे असता तर ती ओढून काढली असती, असं तुम्हाला वाटतंय. पट्टी बांधून घेताना आम्हा प्रत्येकाला अगदी हेच वाटत होतं.